शिळ्या टिपणांचा घोटाळा

खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा अनुक्रमणिका सर्वांत शेवटी जुळवीत. मजकुराची पाने पडल्याशिवाय कोणते प्रकरण कोणत्या पानावर आले हे कळणार कसे? संगणकावरील अक्षरजुळणीलाही ही अडचण चुकलेली नाही.

डोनाल्ड नूथ यांची 'टेक' ही प्रणाली १९७८ मधली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढील दशकात 'लेटेक' उभारली. विज्ञानाचे अनेक प्रबंध आज तीतच सिद्ध होतात. लेटेक एका फेरीत मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच वाचते आणि वाचता वाचता टिपणे करून ठेवते : 'ऑक्स' फाइलीत तक्त्यांचे व समीकरणांचे क्रमांक, 'टीओसी' फाइलीत अनुक्रमणिका. पहिल्या फेरीत क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. दुसरीत आधीचे टिपण वाचून क्रमांक भरला जातो. अनुक्रमणिकेमुळे पाने पुढे सरकली तर तिसरी फेरी लागते.

म्हणजे प्रत्येक फेरी मागील फेरीच्या टिपणांवर विसंबते. घोटाळा होतो तो येथेच.

समजा, बालाघाटचा एक विद्यार्थी भरवेलीच्या मँगनीज खाणीवर प्रबंध लिहीत आहे. एका मथळ्यात मँगनीज डायऑक्साइडचे सूत्र त्याने 'एमएचकेम' या पॅकेजच्या आज्ञेने लिहिले. पुढे ते पॅकेज काढून टाकले आणि सूत्र साध्या गणिती पद्धतीने लिहिले. मजकूर आता निर्दोष आहे. तरी 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' अशी तक्रार येते आणि तो काम तेथेच थांबवतो. पुन्हा चालवले, पुन्हा तेच! कारण जुनी आज्ञा टीओसी फाइलीत तशीच बसली आहे, आणि काम मध्येच सोडल्यामुळे ती फाइल नव्याने लिहिली जात नाही. फेरी चालू असताना वीज गेली तर ऑक्स फाइल अर्धवट राहते. तीही पुढच्या फेरीला अडवते.

तेव्हा तक्रार आली की प्रथम लॉग फाइल पाहावी. कंस उघडून ज्या फाइलीचे नाव दिले आहे आणि कंस अजून मिटलेला नाही, तीच त्या वेळी वाचली जात होती. ते नाव ऑक्स किंवा टीओसी असेल तर मूळ मजकुरात चूक शोधत रात्र घालवू नये. या फाइली पुसाव्यात आणि दोन-तीन फेऱ्या चालवाव्यात. 'टेक' आणि 'बिब' या फाइलींना मात्र हात लावू नये. त्या आपल्या हातच्या आहेत, बाकीच्या यंत्राच्या. 'बीबीएल' पुसली गेल्यास बिबटेक पुन्हा चालवावे लागते.

शेवटी एक इशारा. तक्रार करणारे शिळे टिपण त्यातल्या त्यात बरे. मुकाट राहणारे अधिक घातक. नवा तक्ता मध्ये घालून एकच फेरी चालवली तर मजकुरात 'तक्ता ३' राहतो आणि तक्त्यावर ४ छापला जातो. काम थांबत नाही. क्रमांक बदलले असावेत एवढी सूचना लॉगमध्ये येते, आणि ती कोणी वाचत नाही. परीक्षकाच्या हाती मात्र भलताच तक्ता पडतो. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी जुनी टिपणे पुसून सर्व फेऱ्या नव्याने कराव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. वर्षाच्या श्रमांची लाज राखते.