घाटापासून पुळणीपर्यंत

सह्याद्रीच्या माथ्यावरून समुद्राकडे जाणारा प्रवास मोठा रमणीय असतो. एके काळी बोरघाटातून बैलांचे तांडे माल वाहून नेत. १८३० साली या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. आज खंडाळ्याहून मोटार वळणे घेत खाली उतरते, तेव्हा एका बाजूस काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूस खोल दरी दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा हा कातळ आहे.

खोपोलीस घाट संपतो. पुढे पेण, धरमतरच्या खाडीवरील पूल आणि कार्ले खिंड मागे टाकून रस्ता अलिबागेस पोहोचतो. तेथून उत्तरेस थोड्याच अंतरावर थळ हे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या की समुद्र दिसू लागतो. समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटे आहेत. इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधास न जुमानता १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला उभारण्यास आरंभ केला.

येथे रस्ता संपतो व पुळण सुरू होते. वाळू म्हटली की राजस्थानातील थरच्या वाळवंटाची आठवण होते. जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने रचलेल्या आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर दिसणारे वाळूचे उंचवटेही वाराच रचतो. परंतु त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात त्या वनस्पती. जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळूवर दूरवर पसरते आणि पेरापेराला मुळे रोवते. ‘रावणाच्या मिशा’ नावाचे टोकदार गवत तिच्या सोबतीस असते. उडत आलेली वाळू या पानांत अडकते. पाने झाकली गेली की वेल पुन्हा वर डोके काढते. अशा रीतीने वर्षानुवर्षे वाळूचा बांध उभा राहतो. उधाणाच्या लाटांचा पहिला मारा तो स्वतःवर घेतो आणि मागची घरे व वाड्या राखतो.

मौजेखातर कोणी या बांधावरून मोटार हाकली, तर चाकांखाली वेल क्षणात तुटते. उघड्या पडलेल्या वाळूत वारा शिरतो, खळगा पडतो आणि पुढच्या उधाणाला आयतीच वाट मिळते. वेलीने अनेक वर्षांत जे जोडले, ते चाकाने एका दुपारी मोडले, असे होते. म्हणूनच १९९१ सालच्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यावर निर्बंध घातले. परंतु केवळ कायद्याने किनारा राखला जात नाही. त्यास माणसाच्या विवेकाची जोड लागते.

घाटाचा रस्ता चाकांसाठी आहे. पुळण पावलांसाठी आहे. जो प्रवासी रस्त्याच्या कडेस गाडी उभी करून वेल चुकवीत पायी समुद्राकडे जातो, त्यालाच किनाऱ्याचे खरे सौंदर्य दिसते.

शब्दार्थ : पुळण – समुद्रकाठची वाळूची जागा. उधाण – मोठी भरती. पेर – वेलीच्या दोन गाठींमधील भाग, येथे गाठ.

स्वाध्याय
१. वाळूचा बांध कसा तयार होतो?
२. ‘मर्यादवेल’ हे नाव त्या वेलीस का शोभते?
३. ‘पुळण पावलांसाठी आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.