देणे, घेणे आणि समाधान

पाठ : फिलिप्पैकरांस पत्र ४:१०–१९, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१–१५.

ज्याच्या कणगीत जोंधळा भरला आहे त्याने समाधानाचा उपदेश करणे सोपे असते. म्हणून पहिला पाठ कोणी व कोठून लिहिला ते आधी पाहावे. फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा पौल प्रेषित बंधनात होता. विपुलता असो वा टंचाई असो, दोहोंत राहावयास आपण शिकलो, असे तो त्यांस कळवितो. ‘शिकलो’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. समाधान हा जन्माचा स्वभाव नव्हे, की बाप्तिस्म्याबरोबर एका दिवसात हाती येणारी वस्तूही नव्हे. तो धडा आहे, आणि पौलालाही तो गिरवावा लागला.

ज्या फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती त्याला देणगी पाठविली ते मासेदोनियातले. आणि मासेदोनियातील मंडळ्या फार दरिद्री होत्या, हे दुसऱ्या पाठात पौलच सांगतो. यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी वर्गणी चालली असता, आम्हांसही तीत वाटा द्या, अशी विनंती त्यांनी आपण होऊन केली. दान मागणारे पुष्कळ दिसतात. दान देण्याची परवानगी मागणारे विरळा. आणि पौल? तो हात पसरीत नाही, परंतु आलेली देणगी अभिमानाने परतही लावीत नाही. समाधानी मनुष्याला देणे जड जात नाही, तसे घेणेही लाजिरवाणे वाटत नाही. आपणांमध्ये पहिल्यापेक्षा दुसरेच अधिक कठीण आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या पाठातील १३ व १४ ही वचने समजाविण्यास जयसिंगपूरच्या उपदेशकाला दूर जावे लागणार नाही. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसविलेली ही पेठ कोल्हापूर–मिरज लोहमार्गावर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तळमळत होते, तेव्हा जवळच्याच मिरजेहून पाणी आगगाडीने तिकडे जाऊ लागले. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णाकाठ तेव्हा देणारा होता. तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तीच कृष्णा आणि पंचगंगा शिरोळ तालुक्यातील गावांत शिरल्या. ऊस बुडाला, घरे पाण्याखाली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे जयसिंगपुरात आसऱ्यास आली. आणि इतर जिल्ह्यांतून धान्य, कपडे व औषधे घेऊन गाड्या येऊ लागल्या. ज्यांनी कालपर्यंत दिले, त्यांनाच ओंजळ पुढे करावी लागली. पौल ज्या समतेविषयी लिहितो ती हीच.

येथे उपदेशकांस एक सूचना करावीशी वाटते. शेतमजुराची मजुरी कोणी अडवून ठेवली असता त्यालाच ‘समाधान मान’ म्हणून सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय. याकोबाचे पत्र ५:४ पाहावे. तसेच सावकाराकडून व्याजाने रुपये काढून उपकारस्तुतीच्या दिवशी मोठे अर्पण आणणे, हेही दान नव्हे. जे आपल्याजवळ आहे त्याच्याच मानाने द्यावे, हे १२ व्या वचनावरून स्पष्ट आहे.

मग ज्याच्याजवळ महिनाअखेर काहीच शिल्लक राहत नाही त्याने काय करावे? मिझोरममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० च्या सुमारास एक रीत पडली. घरची बाई भात शिजवावयास घेताना प्रत्येक वेळी त्यातील एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकते. मंडळी ते तांदूळ गोळा करते आणि त्यांचे मोल देवाच्या कामी लावते. उरेल तर देऊ, असा तेथे हिशेब नाही. भांडे चुलीवर चढण्यापूर्वीच मूठ बाजूला निघते.

आपल्याकडे तांदूळ नसला तर जोंधळा आहे. येत्या सोमवारपासून प्रत्येक घरी एक गाडगे ठेवावे, दळणाच्या वेळी त्यात मूठभर धान्य टाकावे, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सर्व कोणाच्या घरी पोहोचवावयाचे हे पंचांनी गुपचूप ठरवावे. ज्याच्या दारी ते धान्य जाईल त्याने ते स्वीकारावे, आणि आपल्या घरचे गाडगे मात्र उचलून ठेवू नये.