पाणी अडवलं, पण वाटायचं कुणी ठरवलं?

आपल्या हॉस्टेलवर निम्मी पोरं तरी कोरडवाहू गावातली. गावात बंधारा असतो, पाझर तलाव असतो, तरी उन्हाळ्यात टँकर येतोच. मग घोडं अडतं कुठं?

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाहा. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर माणसं पोटासाठी गाव सोडत होती. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले. रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून डोंगरावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले. या योजना इतर गावांतही होत्या. फरक पडला तो ग्रामसभेच्या नियमांनी.

नियम असे: शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस, केळी लावायची नाही. डोंगरावर मोकाट चराई नाही, गवत मात्र कापून न्यायचं.

यात गरिबीचा काय संबंध? सरळ आहे. ज्याच्याकडे पैसा, तो ३०० फूट खोल जातो. शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर आटते आणि तो मजुरीला लागतो. म्हणजे बोअरवेलबंदी हे गरिबी हटवण्याचंच धोरण झालं! अर्थात चराईबंदीची झळ आधी शेळ्या पाळणाऱ्या गरिबालाच बसते. म्हणून कापून न्यायचं गवत आणि चर खणण्याची मजुरी महत्त्वाची ठरली.

आता थोडं गणित. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे दर मिलिमीटरला जवळपास १ कोटी लिटर. त्यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होतं. उरतं किती, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर रब्बीचं क्षेत्र कमी.

१९९५ मध्ये १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या पंधराएक वर्षांत ती तीनवर आली. बाहेर गेलेली कुटुंबंही परतली.

बंधाऱ्याचं डिझाइन आपण शिकतो. त्यातलं पाणी कुणाला किती, हे सिलॅबसमध्ये नाही. ते ग्रामसभेत ठरतं. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, म्हणजे आपणही. येत्या सुट्टीत ग्रामसभेला नुसते जाऊन बसू नका. एवढंच विचारा, 'औंदा पाऊस किती मिलिमीटर झाला, आणि पाणी आधी कुणाला?'