विमान जमिनीवर चालत असताना

विमानप्रवासातील धोका आकाशात असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चाके जमिनीला टेकली की प्रवासी सुटकेचा निःश्वास टाकतो आणि डोक्यावरच्या कप्प्यातील पिशवीकडे पाहू लागतो. परंतु धावपट्टीपासून इमारतीपर्यंतचे अंतर विमानाला स्वतःच्या चाकांवरच तोडावयाचे असते, आणि मोठ्या विमानतळावर ते दोन-तीन किलोमीटरही भरते. त्याच वेळी तेथे इतर विमाने, इंधनाचे टँकर आणि सामानाच्या गाड्या यांची ये-जा चालू असते. या संथ वाटचालीला ‘टॅक्सी करणे’ म्हणतात आणि तिच्यासाठी आखलेल्या मार्गाला ‘टॅक्सी-वे’.

विमान ही मुळात रस्त्याने चालण्यासाठी घडविलेली वस्तू नव्हे. एअरबस ए-३८० या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ८० मीटर आहे. वैमानिक नाकाशी बसलेला असतो. पंखांची टोके त्याच्या पाठीमागे दूर राहतात आणि अनेक मोठ्या विमानांत ती त्याला आसनावरून दिसतच नाहीत. लांब बांबू लादलेली बैलगाडी बाजाराच्या कोपऱ्यावर वळते, तेव्हा गाडीवानाचे लक्ष पुढे असते आणि मागची टोके भलतीकडे सरकून एखाद्या दुकानाचे छप्पर ओरबाडतात. मागे झुकलेल्या पंखांचेही वळणावर असेच काहीसे होते. बाहेरच्या पंखाचे टोक अंदाजापेक्षा मोठा फेर घेते. गाडीमागे निदान ओरडून सांगणारा पोरगा तरी चालत असतो!

११ एप्रिल २०११ च्या रात्री न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर हेच घडले. पाचशेहून अधिक माणसे घेऊन पॅरिसला निघालेले ए-३८० विमान धावपट्टीकडे चालले होते. बॉस्टनहून आलेले एक लहान जेट नुकतेच टॅक्सी-वेवरून आत वळून थांबले होते. मात्र त्याचे शेपूट मोठ्या विमानाच्या वाटेत राहिले होते. ए-३८० च्या डाव्या पंखाचे टोक त्या शेपटाला लागले आणि लहान विमान प्रवाशांसह जागच्या जागी गरकन फिरले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

टॅक्सी-वेच्या मधोमध पिवळी रेषा असते. तिच्यावरून चालणाऱ्या विमानाच्या पंखांना पुरेल इतकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी राखलेली असते. हा हिशेब चोख आहे, पण दुसरे प्रत्येक विमान नेमल्या जागी उभे असेल, या गृहीतावर तो आधारलेला आहे. अर्धवट वळून थांबलेले विमान त्यात बसत नाही. मोठ्या विमानांच्या वैमानिकांना पंखांची टोके दिसावीत यासाठी कॅमेऱ्यासारखी सोय असावी, अशी शिफारस अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये केली.

आपल्या देशातही असा प्रसंग घडला आहे. २७ मार्च २०२४ रोजी कोलकाता येथे चेन्नईला जाणारे विमान धावपट्टीवर प्रवेश मिळण्याची वाट पाहत उभे असता, दरभंग्याला निघालेल्या विमानाचा पंख त्याच्या पंखाला घासला. उड्डाण तेथेच थांबविण्यात आले. प्रवाशाला असा खोळंबा जाचक वाटतो; परंतु पंखांतच इंधनाच्या टाक्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे तपासणीवाचून विमान का सोडता येत नाही, ते उमगते.

टॅक्सी करणारे विमान धावपट्टीवरच असले, तर मात्र गोष्ट खरचटण्यावर थांबत नाही. १९७७ मध्ये, योगायोगाने २७ मार्च रोजीच, स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात एक जंबो जेट धावपट्टीवरून टॅक्सी करीत असता दुसऱ्याने उड्डाणासाठी धाव घेतली. ५८३ माणसे दगावली. त्यानंतर नियंत्रण मनोऱ्याशी होणाऱ्या संभाषणात ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक रूढ झाला. धावपट्टीबाबतचा प्रत्येक आदेश वैमानिकाने उलट म्हणून दाखवावयाचा असतो.

तरीही चूक होते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान, प्रवेशाची परवानगी नसताना, धावपट्टीवर जाऊन थांबले. त्यातील वैमानिकाने परवानगी मिळाली असे मानले होते. मागून उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानातील ३७९ जण मात्र वाचले. आठांपैकी तीनच दरवाजे उपयोगी पडले आणि ध्वनिक्षेपक बंद पडल्याने कर्मचाऱ्यांना कर्ण्यातून ओरडून सूचना द्याव्या लागल्या. सामान जागीच सोडा, असे सांगण्यात आले, आणि बहुतेकांनी ते ऐकले. प्रमुख वैमानिक सर्वांत शेवटी बाहेर पडला. पुढे ते विमान जळून खाक झाले.