पॅरिसचे पाच मुक्काम आणि दुकानाचा गल्ला

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांच्या घरांतही युरोपच्या सहलीची भाषा ऐकू येऊ लागली आहे. मुले शिकली, कोणाचा भाचा परदेशी नोकरीला लागला, आणि उमरा करून आलेल्या माणसाला विमानाची धास्ती उरलेली नाही. अल्लाहची जमीन फिरून पाहण्यात गैर काहीच नाही. खर्च किती, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो खर्च कोणत्या खिशातून होतो हा. पॅरिसची पाच मुक्कामांची सहल उदाहरणादाखल घेऊन हा हिशेब आज मांडू.

आम्ही स्वतः २०१७ मध्ये पहिल्यांदा पॅरिसला गेलो तेव्हा हिशेब केलाच नव्हता. विमानाचे तिकीट आणि खोलीचे भाडे एवढीच बेरीज केली आणि बाकीचे "बघू तिथे" म्हणून सोडले. पैसे गल्ल्यातून उचलले. विमानतळावर मिळेल त्या भावाने युरो घेतले, रोज टॅक्सी केली. परत आलो तेव्हा सुताचे बिल चुकवायची तारीख आली होती आणि खात्यात रक्कम नव्हती. मिलचे पैसे भरले आणि मागवाल्यांची मजुरी बारा दिवस थांबवली. एक वयस्क कारीगर दुकानाच्या पायरीशी येऊन एवढेच म्हणाला, "सेठ, सफर चांगली झाली ना?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण आमची मान खाली गेली, ती आजही आठवते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची आपल्या दीनची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि आमची सहल त्याच मजुरीवर झाली होती.

सहलीची पडतर काढावी

कापडाच्या धंद्यात ग्रे कापडाचा भाव म्हणजे मालाची किंमत नव्हे, हे शिकाऊ पोरालाही कळते. त्यावर प्रोसेस, घट, पॅकिंग, दलाली आणि भाडे चढते, तेव्हा खरी पडतर निघते. सहलीचेही तसेच आहे. तिकीट आणि खोली म्हणजे नुसते ग्रे कापड. व्हिसा, विमा, शहरातला प्रवास, खाणे, प्रवेश शुल्क, मुक्कामाचा कर आणि चलनातली घट हे सगळे त्यावर चढते. ज्याने पडतर काढली नाही त्याचा तोटा माल विकल्यावर कळतो, आणि सहलीचा तोटा घरी आल्यावर.

जाण्याचे दिवस

पहिली बचत तारखा ठरवण्यात आहे. पॅरिसमध्ये मेट्रो, उपनगरी रेल्वे, बस आणि ट्राम सर्वांना चालणारा आठवड्याचा पास मिळतो. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर ३२.४० युरो आहे, आणि पहिल्यांदा कार्डाचे ५ युरो व एक छोटा फोटो लागतो. हा पास सोमवारी सुरू होतो आणि रविवारी रात्री संपतो. तुम्ही कोणत्या वारी घेतला याला महत्त्व नाही. गुरुवारी घेतला तरी रविवारीच संपणार. म्हणून सोमवारी उतरावे आणि शनिवारी निघावे. याच वर्षी विमानतळाचे एका बाजूचे तिकीट १४ युरो आणि मेट्रोचे एक तिकीट २.५५ युरो आहे. विमानतळाच्या जाण्यायेण्यातच २८ युरो जातात, ते या पासात आले. बाकी आठवडाभर फिरणे जवळजवळ फुकटात पडते.

सोमवार ते शनिवार धरल्याने दुसरा फायदा असा की जुम्मा मध्ये येतो. पॅरिसची मोठी मशीद पाचव्या वॉर्डात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी प्राण दिलेल्या मुस्लिम सैनिकांची आठवण म्हणून ती बांधली गेली आणि १९२६ मध्ये खुली झाली. जुम्म्याची नमाज तिथे अदा करता येते. बाजूलाच पुदिन्याचा चहा मिळतो.

फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हे दिवस टाळावेत. तेव्हा तिथे फॅशनचे मोठे आठवडे असतात आणि खोल्यांचे भाव चढतात. आपण कापडवाले असलो तरी त्या मंडपात आपल्याला कोणी बोलावलेले नसते. भाडे मात्र आपणही भरतो.

खर्चाच्या बाबी

आता नवरा-बायको दोघे, पाच रात्री, सहा दिवस असा हिशेब धरू. युरोचा भाव आम्ही ११० रुपये धरतो. व्यापाऱ्याने परकी चलन नेहमी थोडे चढे धरावे. भाव उतरला तर फायदा, चढला तर धक्का नाही. विमान, खोली आणि खाण्याचे आकडे हे आमचे अंदाजपत्रक आहे. हंगामाप्रमाणे ते प्रत्येकाने आपले तपासून घालावेत.

विमान: दोघांचे १,२०,००० रुपये.

व्हिसा: जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, दोघांचे १८०, म्हणजे १९,८०० रुपये. केंद्राचे सेवाशुल्क आणि विमा धरून एकूण २८,०००. विमा किमान ३०,००० युरोच्या उपचारखर्चाचा असावा लागतो.

खोली: साधी दोन ताऱ्यांची, रोज १२० युरो, पाच रात्रींचे ६०० युरो.

मुक्कामाचा कर: ४० युरो. हा कर दर माणशी, दर रात्री लागतो आणि बऱ्याचदा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. २०२४ मध्ये तो जवळजवळ तिप्पट झाला.

पास आणि कार्ड: दोघांचे ७५ युरो.

खाणे: माणशी रोज ३० युरो, एकूण ३६० युरो.

प्रवेश शुल्क: १०० युरो.

खोलीपासून प्रवेशापर्यंतची बेरीज ११७५ युरो झाली. त्यावर दहा टक्के अडीनडीला धरले की सुमारे १३०० युरो, म्हणजे १,४३,००० रुपये. विमान आणि व्हिसा मिळवून २,९१,०००. भेटवस्तूंना २९,००० ठेवले की पडतर ३,२०,००० रुपये. नुसते विमान आणि खोली धरणाऱ्याच्या डोक्यात मात्र एक लाख शहाऐंशी हजारच असतात. मधले एक लाख चौतीस हजार गल्ल्यातून जातात, आणि तेच आमचे गेले.

कुठे वाचवावे, कुठे वाचवू नये

खाण्यात बरीच बचत होते. हॉटेलचा नाश्ता घेऊ नये. कोपऱ्यावरच्या बेकरीत लांब पाव घ्यावा. "ट्रॅडिशन" नावाचा जो पाव मिळतो तो १९९३ च्या सरकारी हुकुमाप्रमाणे मुळात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचाच असतो. इतर भाजलेल्या पदार्थांत डुकराची चरबी नाही ना हे विचारावे. फ्रेंच भाषेत तिला "सँदू" म्हणतात. रश्श्यात दारू घालण्याचीही तिथे रीत आहे, म्हणून अनोळखी ठिकाणी मांसाहार टाळलेला बरा. उत्तर रेल्वे स्टेशन आणि बार्बेस या भागांत हलाल गोश्ताची दुकाने आहेत, आणि जवळच्या पासाज ब्राडी या गल्लीत भारतीय-पाकिस्तानी खानावळी आहेत. हलालची खातरजमा तरी दर ठिकाणी विचारूनच करावी. जेवताना बाटलीबंद पाणी मागू नये. साधे नळाचे पाणी मागितले तर ते मोफत द्यावे लागते आणि ते पिण्यास चांगले असते. रस्त्यावर हिरव्या लोखंडी कारंज्यांतूनही पाणी मिळते, ही सोय १८७२ पासूनची आहे. बिलात सेवाशुल्क आलेलेच असते, वेगळी बक्षिसी देण्याची सक्ती नाही.

पाहण्यातही हिशेब आहे. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, आणि जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्याला ३२ युरो पडतात. इस्लामी कलेची सध्याची दालने तिथे २०१२ पासून आहेत. गालिचे, काच आणि भांडी पाहायची असतील तर हा पैसा वाया जात नाही. पण "पॅरिसला गेलो आणि लूव्र नाही पाहिले?" एवढ्यासाठी जाऊ नये. पती पाले आणि कार्नावाले या नगरपालिकेच्या संग्रहालयांचे कायम दालन मोफत आहे.

कापडवाल्याने मात्र मोंमार्त्रच्या टेकडीखालचा सां-पिएर बाजार चुकवू नये. मीटरवर कापड विकणारी दुकाने एकमेकांना लागून आहेत, तीन मीटरचे कटपीसही मिळतात. बघायला पैसे पडत नाहीत. हात लावावा, वजन बघावे, रुंदी आणि भाव टिपून घ्यावा. आपल्या इतिहासाचाही एक धागा इथे आहे. हिंदुस्थानचे छापील सुती कापड फ्रान्समध्ये इतके खपू लागले की तिथल्या विणकरांच्या रोजीसाठी १६८६ मध्ये त्यावर बंदी आली. ती १७५९ मध्ये उठली, आणि पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फने पॅरिसजवळ झुई गावी छपाईचा कारखाना काढला. आज मेट्रोच्या एका स्थानकाला त्याचे नाव आहे. मूळ हुन्नर आपल्या छिप्यांचा होता, हे मुलांना तिथे उभे राहून सांगावे.

विम्यात आणि खोलीच्या सुरक्षिततेत काटकसर करू नये. मेट्रोत खिसेकापू आहेत. पासपोर्ट आणि रोकड एकाच खिशात ठेवू नये.

चलनातली घट

कपडा धुतल्यावर आटतो तसा पैसा बदलताना आटतो. विमानतळाच्या खिडकीवर युरो घेऊ नयेत. निघण्याच्या आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारून प्रवासी कार्डात युरो भरावेत आणि थोडी रोकड ठेवावी. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला तीन-साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. १,४३,००० वर ही घट पाच हजारांच्या घरात जाते. दुकानातले यंत्र "रुपये की युरो?" असे विचारते, तेव्हा युरोच निवडावे. रुपये निवडले तर भाव तेच ठरवतात.

खरेदीवर करपरतावा मिळतो, पण एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर हवी. कर वीस टक्के असला तरी हातात साधारण बारा टक्केच येतात. दुकानातून फॉर्म घ्यावा आणि निघताना विमानतळावरच्या यंत्रावर तो नोंदवावा. परताव्यासाठी म्हणून खरेदी वाढवणे हे वटावासाठी नको तो माल उचलण्यासारखे आहे. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. ती रोजमेळात धरावी.

पैसा कोणता

आता मूळ मुद्दा. सहलीचा पैसा नफ्यातला असावा, भांडवलातला नव्हे. वर्षाचा ताळेबंद झाल्यावर, जकात काढल्यावर आणि देणी चुकवल्यावर जे उरते त्यातून तो बाजूला पडावा. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आधी ते पाहावे. सहलीचा खर्च दुकानाच्या खाती घालू नये. सां-पिएर बाजारात दोन तास फिरलो म्हणून सगळी सहल धंद्याची होत नाही. तसे दाखवणे आयकराच्या दृष्टीनेही चूक आहे आणि भागीदाराच्या अमानतीत खयानत आहे.

हप्त्यांवर सहल विकणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यात व्याज असते, आणि ते नसेल तिथे किंमत चढवलेली असते. पाच मुक्कामांसाठी दोन वर्षे सूद भरणे आपल्याला शोभत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या वीस जणांची साधी भिशी करावी. महिना १६,००० प्रमाणे वीस महिन्यांत ३,२०,००० होतात. बोली लावून वटाव कापण्याची भिशी नको, चिठ्ठीची असावी. आणि आपला नंबर शेवटच्या चारपाचांत मागून घ्यावा. पहिल्या नंबरचा पैसा हे कर्ज असते, शेवटच्या नंबरचा पैसा ही बचत असते.

व्हिसासाठी बँकेचा उतारा आणि आयकराची विवरणपत्रे लागतात. खोलीची नोंदणी असलेल्या प्रवाशाकडून फ्रान्स दर माणशी रोज ६५ युरोंची ऐपत पाहते. ही रक्कम उसनी आणून आठवडाभर खात्यात ठेवू नये, अधिकाऱ्याला ते कळते. वीस महिन्यांचा सरळ व्यवहार हाच चांगला पुरावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी वही उघडून तीन ओळी तपासाव्यात. कारीगरांची मजुरी दिली का? परत येईपर्यंत येणाऱ्या बिलांची रक्कम खात्यात आहे का? घरी थांबलेल्यांचा खर्च ठेवला का? तिन्हींपुढे खूण झाली तर बिनधास्त जावे. इसराफ वाईट तशी कंजुषीही वाईट. हलाल कमाईतून, कोणाचा हक्क न अडवता केलेल्या सफरीत बरकत असते.

दुसऱ्यांदा २०२४ मध्ये आम्ही असे गेलो. परत आलो तेव्हा तोच वयस्क कारीगर पायरीवर भेटला आणि त्याने तेच विचारले. या वेळी त्याला आत बसवून चहा दिला आणि सफरीची हकिगत सांगता आली. अल्हम्दुलिल्लाह.