स्वमग्न बालक व शिक्षक



आषाढात माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामी येते. टाळमृदंगाचा गजर होताच कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसणारे एखादे मूल आपल्या पाहण्यात असेल. ते हाकेला ओ देत नाही, एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारते, बसण्याची जागा बदलली की आकांत करते. अशा एका मुलास मी तरुणपणी हट्टी समजून वर्गाबाहेर उभे केले होते. ती चूक आजही मनास सलते.

ही स्वमग्नता असू शकते. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ११ बालकांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. पुढे काही काळ मातेच्या कोरडेपणास दोष दिला गेला. तो समज खोटा ठरला. मेंदूच्या वाढीतील ही भिन्नता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सूचना थोडक्या शब्दांत, चित्र दाखवून द्यावी.

२. दिनक्रम ठरावीक ठेवावा. बदल आधी सांगावा.

३. गोंगाटाच्या वेळी मुलास शांत जागी बसू द्यावे.

४. निदान आपण करू नये. आईवडिलांना विश्वासात घेऊन मुलास तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे.

आईस दोष न देता तिचे म्हणणे ऐकावे. आपल्या मुलास तीच अधिक ओळखते.