मोबाइलचा मनोरा व मनुष्याचें आरोग्य

भंडारा जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांलगत मोबाइलचे मनोरे आतां जागोजाग दिसतात. जागा देणाऱ्या शेतकऱ्यास भाडें मिळतें. शेजाऱ्याच्या मनांत मात्र कर्करोगाची भीति शिरते, आणि कित्येकदां त्यावरून गांवांत वैर माजतें. सांगली जिल्ह्यांतील चिकुर्डे ग्रामपंचायतीनें अशा भीतीपायीं मनोऱ्याचें काम थांबविण्याचा ठराव केला होता. त्यास शास्त्रीय आधार न दिसल्यामुळें मुंबई उच्च न्यायालयानें २०२२ सालीं तो रद्द केला. तेव्हां ठरावापूर्वीं वस्तुस्थिति समजून घेणें बरें.

मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी रेडिओच्याच जातीच्या होत. क्ष-किरण शरीरांतील रेणूंचीं बंधनें तोडूं शकतात, तशी शक्ति या लहरींत नाहीं. त्यांचा निश्चितपणें सिद्ध झालेला परिणाम म्हणजे प्रमाण फार वाढल्यास शरीर तापणें, एवढाच. अंतर दुप्पट झालें कीं तीव्रता चौथाई राहते. शिवाय दिव्याच्या झोताप्रमाणें त्या माथ्यावरून समोर, किंचित् खालीं झुकून जातात. म्हणून पायथ्याशीं राबणाऱ्या गड्यापेक्षां समोरच्या उंच माडीवर राहणाऱ्यास त्या अधिक लागतात. चौकशी व्हावयाची ती त्या माडीची. भारत सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा घालून दिली : ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींस दर चौरस मीटरास ०.४५ वॅट. शंका असल्यास शासनाच्या ‘तरंग संचार’ व्यवस्थेमार्फत शुल्क भरून मोजणी करवितां येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०११ सालीं या लहरी ‘कदाचित् कर्करोगकारक’ अशा वर्गांत घातल्या, हें खरें. परंतु त्यास आधार होता तो कानाशीं फोन धरणाऱ्यांविषयींच्या मर्यादित पुराव्याचा. मनोऱ्यांसारख्या दूरच्या लहरींविषयींचा पुरावा तिनें अपुरा ठरविला. संशोधन अजून चालू आहे, तेव्हां ‘कांहींच भय नाहीं’ असें कोणी छातीठोक सांगूं लागल्यास तेंही मानूं नये.

फोनची गोष्ट निराळी. मनोरा दूर असला कीं फोन अधिक जोर लावून लहरी फेंकतो, आणि तो तर डोक्यास चिकटलेला! साकोलीकडील जंगलालगतच्या गांवानें मनोरा हांकलून दिला, तर फोनवर बोलणाऱ्याच्या कानापाशीं लहरी वाढतीलच. अशा ठिकाणीं बोलणें थोडक्यांत आटपावें, किंवा फोन दूर ठेवून ध्वनिवर्धकावर बोलावें.

हरकत घ्यावयाची तर घराशेजारच्या डिझेल-जनित्राचा धूर व आवाज यांविषयीं घ्यावी. तीं दुःखें प्रत्यक्ष आहेत. आणि मनोरा मिळवून देतों म्हणून शेतकऱ्याकडेच आगाऊ रक्कम मागणारा बहुधा ठक असतो. दूरसंचार खातें अशी रक्कम घेत नाहीं.